मेणावर गायलेलं गाणं

माझ्या बापाचे ओठ कायम सुजलेले असायचे. वरच्या ओठाच्या मधोमध नखाएवढा घट्टा होता, आणि लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच बापाला तो असतो. आबा मोमिनाबादच्या छावणीत, रिसाल्याच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. मोमिनाबाद म्हणजे आमचं अंबाजोगाईच. निजामाच्या कागदावर ते नाव, देवीपुढे हे. मी जन्मले तोवर छावणी उठून गेली होती. घोडे गेले, गोरे साहेब गेले, बराकींची दारं-खिडक्या लोकांनी काढून नेली. आबांकडे उरलं ते एक चेपलेलं पितळी कॉर्नेट आणि रोज सकाळी ते फुंकायची सवय.

आमचं घर वाजंत्र्यांचं. आजा सनई वाजवायचा, पणजाही. योगेश्वरीची पालखी निघाली की आमची माणसं पायऱ्यांखाली उभी राहून वाजवायची. सूर आत जायचा, आम्ही बाहेर थांबायचो. त्यावर घरात कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही. आबांनी छावणीतून आल्यावर भाऊबंद जमवून लग्नाचा बँड काढला, तेव्हा आजा एवढंच म्हणाला, "पितळ वाजीव न्हाईतर लाकूड वाजीव, उभं तिथंच ऱ्हायचंय."

आई पहाटे जात्यावर बसायची. तिची ओवी एका लयीत चालायची आणि दारातल्या लिंबाखाली आबांचं कॉर्नेट दुसऱ्याच. मी दोघांच्या मधे बसून दोन्ही एकदम गायचे. आईचे शब्द आबांच्या तालावर टाकायचे, मुद्दाम मागे राहू द्यायचे आणि अगदी शेवटी पळत जाऊन ताल गाठायचे. आई जातं थांबवून म्हणायची, "अगं, सरळ म्हण की. असं लंगडत कावून म्हणतीस?"

मानमोडीच्या तापात आई गेली. त्याच पंधरवड्यात तलवाड्याहून निरोप आला की ज्या पोराशी माझं लग्न लावून दिलं होतं, तोही गेला. मी त्याला मांडवात पाहिलं होतं तेवढंच. मुंडावळ्या डोळ्यांवर येत होत्या आणि तो फुंकर मारून त्या बाजूला करत होता. आत्या गळा काढून रडली, म्हणून मीही रडले. नेमकं कुणासाठी, ते कळायचं वय नव्हतं.

मी मोठी झाल्यावर आत्यानं माझा पाट लावून दुसरा संसार थाटून द्यायचं फार मनावर घेतलं. आबा टाळत राहिले. कारण एवढंच की मी तोवर वरातीपुढे गायला लागले होते आणि गाणी मीच जोडत होते. नवरदेवाची घोडी अडली तर तिच्यावर, विहीणबाई रुसली तर तिच्या नाकावर, जेवणात आमटी पातळ झाली तर तिच्यावर. लोक हसायचे, पुढच्या लग्नाला बोलावताना "ती गाणारी पोरगी आणा" असं सांगायचे. मला लिहिता येत नव्हतं. अक्षरं मी फार उशिरा, केस पांढरे झाल्यावर शिकले, आणि तोवर निम्मीअधिक गाणी डोक्यातून निघून गेली होती.

परळीला रेल्वे नवी आली होती, त्या सुमारास आबांच्या जुन्या बँडमास्तरांचा निरोप आला. ते गोव्याचे. छावणी मोडल्यावर सिकंदराबादला गेले होते आणि तिथल्या साहेबलोकांच्या हॉटेलात त्यांनी नाचाचा बँड उभा केला होता. त्यांना कॉर्नेटवाला हवा होता. आबा लगेच तयार झाले आणि मलाही न्यायचं म्हणाले.

आत्या उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "तरण्या पोरीला सायबाच्या गावात न्हेतोस? लोकं काय म्हणतील?"

"लोकं हितंबी म्हणत्यातच की," आबा म्हणाले. "तिथं निदान आपल्याला कळणार न्हाई काय म्हणत्यात ते."

आम्ही बैलगाडीनं परळीला गेलो आणि आगगाडीत बसलो. आबांनी कॉर्नेट धोतरात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. मी सबंध वाट चाकांच्या तालावर काहीबाही जोडत होते. इतकी खुश मी आयुष्यात पुन्हा झाले नाही.

हॉटेलात आम्हाला कुणी जात विचारली नाही, पण आत जायचं ते मागच्या दारानं, स्वयंपाकघरातून. बँडच्या सगळ्यांना तोच रस्ता. राहायला तबेल्यामागची एक खोली दिली होती. मी बँडवाल्यांचे पांढरे कोट धुवायचे, खळ घालायचे, इस्त्री करायचे. मास्तर बुटके, वाकलेले, फिडल वाजवून वाजवून मान डावीकडे कललेली. एक दिवस मी इस्त्री करता करता आदल्या संध्याकाळी ऐकलेला नाचाचा एक सूर आमच्याकडच्या शब्दांत म्हणत होते. मास्तर दारात येऊन उभे राहिले.

"हें कुणी शिकवलं गो तुला?"

"काय, मास्तर?"

"ताल सोडायचा आणि परत धरायचा."

मला वाटलं रागावले. "चुकलं असंल. आई बी म्हणायची, लंगडं गातीस म्हणून."

मास्तर हसले. "अमेरिकेत काळे लोक आहेत, बाय. ते असंच लंगडतात. त्याला जॅझ म्हणतात. आणि आमचे साहेब जेवण टाकून त्याच्यावर नाचतात."

त्यांच्या बँडमध्ये गाणारी एक मडमीण होती. ती कुण्या रेल्वेतल्या साहेबाबरोबर बंगलोरला निघून गेली आणि मास्तरांनी मला उभं केलं. इंग्रजी गाणी त्यांनी माझ्याकडून तुकड्यातुकड्यानं पाठ करून घेतली, पोपटाला शिकवावं तशी. माझ्यासाठी पोटरीपर्यंतचा एक चकाकता झगा शिवला. पहिल्या संध्याकाळी तो घालून मी आबांशेजारी उभी राहिले तेव्हा त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. कॉर्नेटच्या तोंडाकडे बघत वाजवत राहिले. नंतर खोलीवर आल्यावर म्हणाले, "गळा चांगला लागला." झग्याबद्दल आम्ही बापलेक कधीच बोललो नाही.

गाण्यांचा अर्थ मला ठाऊक नव्हता. एका गाण्याला लोक नाचणं सोडून एकमेकांना धरून नुसते डोलायचे. मी मास्तरांना विचारलं, "ह्याच्यात काय हाय?"

"एक बाई आहे. तिचा माणूस सोडून गेला. ती त्याची वाट बघते."

"एवढंच?"

"एवढंच."

"मास्तर, हे तर आमच्या जात्यावरचं हाय."

त्यानंतर मला गप्प बसवेना. साहेबांच्या गाण्यात एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं, अशी एक चाल होती. मी ती धरली आणि त्यात आपले शब्द भरायला लागले. पहिलं मनासारखं जमलं ते असं:

माझ्या दारापुढली वाट गं, कुणी उचलून नेली
माझ्या दारापुढली वाट गं, कुणी उचलून नेली
आता येणारा यील कुठून, जाणारी तर गेली

वरातीतल्या गाण्यांसारखं हे कुणाला हसवायला जोडलं नव्हतं. आबांनी त्यावर कॉर्नेटचं तोंड टोपीनं झाकून असा दबका सूर लावला, की कुणी पलीकडच्या खोलीत रडतंय असं वाटावं. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "सुंदर. पण इथे कळणार कुणाला?"

"मला तरी त्यांचं कुठं कळतं? मी म्हणतेच की."

त्यांनी मान हलवली. शेवटी एका जागीरदाराच्या मेजवानीत, लोक जेवायला बसले असताना, त्यांनी मला ते गाऊ दिलं. काटेचमचे वाजत होते. कुणी मान वर केली नाही. मी दुसऱ्यांदा ओळ घेतली तेव्हा एक बैरा सुपाचं भांडं हातात घेऊन मधेच थांबला. बारीक, काळासावळा, कमरेला हॉटेलचा लाल पट्टा. तो माझ्याकडे बघत उभाच राहिला. मॅनेजर जवळ येऊन त्याच्या कानाशी काही बोलला, तरी त्याला हलायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात तो चमचे घासत बसला होता. मला बघून उठला.

"बाई, तुमी कुठल्या?"

"आंबेजोगाईच्या."

"मी गेवराईकडचा. ते वाटंचं गाणं परत म्हणाल का?"

मी तिथंच विटेवर बसून म्हटलं. तो खाली मान घालून घासत राहिला. झाल्यावर म्हणाला, "आमच्या गावात दोन सालं पाणी न्हवतं. मी म्हाताऱ्या आईला सांगून आलतो, दिवाळीला येतो म्हणून. आता तिकडं कोणच न्हाई. जाऊ कुणाकडं?"

त्यानंतर मी काही नवीन जोडलं की त्याला ऐकवायचे. त्याला आवडलं नाही तर तो स्पष्ट सांगायचा, "हे खोटं वाटतंय." त्याचं बरोबर असायचं. माझी सगळ्यात चांगली गाणी त्या अंगणात झाली. तो लग्नाचं विचारील, मीही हो म्हणीन, असं मला वाटत होतं. पण मी गात असताना तो थांबतो हे मॅनेजरच्या डोळ्यांवर आलं होतं. एका मोठ्या पंगतीत तो असाच थांबला, मागून येणारा दुसरा बैरा त्याच्यावर आदळला आणि भांडी फुटली. त्याच संध्याकाळी त्याला काढून टाकलं. मला कळलं तेव्हा तो गेला होता. कुठे, ते कुणालाच सांगता आलं नाही. त्या सगळ्या शहरात माझं गाणं कळणारा एकच माणूस होता, आणि ते ऐकण्यापायीच त्याची भाकरी गेली.

मी गात राहिले. पुढे एक तबकड्या काढणारी कंपनी सिकंदराबादेत आली. हॉटेलच्याच दोन खोल्या त्यांनी घेतल्या, भिंतींना घोंगड्या टांगल्या आणि मुलुखातल्या गवय्यांना बोलावून गाणी भरायला सुरुवात केली. मास्तरांनी फार मिनतवाऱ्या करून आम्हाला वेळ मिळवून दिली. मास्तर, आबा आणि मी. समोर भोंगा नव्हता, आवाज टिपणारी एक लोखंडी डबी होती. आतल्या खोलीत मेणाची जाड, बदामी तबकडी फिरत होती. एक साहेब आणि त्याचा बाबू. बाबूनं बोट वर केलं आणि मी वाटेचं गाणं म्हटलं.

ते चांगलं झालं. इतक्या वर्षांनी मी हे निःसंकोच सांगते. आबांचा सूर एकदाही हलला नाही, आणि माझा गळा मला जिथं न्यायचा होता तिथं गेला.

साहेब बाबूशी बराच वेळ बोलला. मग बाबू आमच्याकडे वळला. "साहब पूछते हैं, ये रखेंगे किधर? अंग्रेजी में नहीं, गजल में नहीं, नाटक के गानों में भी नहीं. दुकानवाला कौन-से खाने में रखेगा?"

मास्तर म्हणाले, "नया खाना बना लो."

बाबू हसला. मग त्याला बहुतेक आमची दया आली. विकायच्या तबकड्या काढायला मेण साच्यात घालायचं असेल तर ते वाजवून बघता येत नाही, एकदा वाजवलं की खराब होतं, असं त्यानं समजावलं. कंपनी हे गाणं काही घेणार नाही, तेव्हा ऐकून तरी घ्या, असं म्हणून त्यानं सुई ठेवली.

मी माझा आवाज ऐकला. तो बाहेरून असा असतो हे मला माहीत नव्हतं. आईसारखा होता. आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि गाणं संपेपर्यंत तसेच उभे राहिले. मग आतल्या खोलीतल्या मशीनवाल्यानं ती तबकडी दुसऱ्या यंत्रावर चढवली, वर पातं टेकवलं आणि फिरवायला लागला. मेणाची बारीक साल गोल गोल निघून खालच्या ताटलीत पडत होती. तबकडी गुळगुळीत झाली. बाहेर बाकावर एक गजल गाणाऱ्या बाई थांबल्या होत्या, त्यांना आत बोलावलं. दारातून बाहेर पडताना मी त्यांचा पहिला सूर ऐकला. माझ्यापेक्षा चांगल्या गात होत्या.

"पोरी," आबा जिन्यात म्हणाले, "निदान आपुण ऐकलं."

ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पुढचं भराभर झालं. आबांचे पुढचे दात हलायला लागले. हिरड्यांतून पू यायचा. दात गेले की कॉर्नेटवाला संपला. ओठ टेकवायला आधार राहत नाही. त्यांनी काही दिवस कापसाचा बोळा ओठाखाली धरून वाजवून बघितलं. सूर फाटायचा, लोक वळून बघायचे. मास्तरांनी त्यांना जा म्हणून कधीच सांगितलं नसतं, म्हणून आबांनी स्वतःच एक दिवस कोट घडी करून त्यांच्या टेबलावर ठेवला. मास्तरांचाही बँड फार टिकला नाही. हॉटेलवाल्यांनी मोठा ग्रामोफोन घेतला आणि नाच त्याच्यावर व्हायला लागला. मास्तर गोव्याला गेले. जाताना मला म्हणाले, "तू चुकीच्या गावात जन्मलीस, बाय." मी विचारलं, "मग बरोबर गाव कुठलं, मास्तर?"

आम्ही अंबाजोगाईला परत आलो. आबांचा बँड आता पुतण्याच्या हातात होता. कॉर्नेटही त्यालाच दिलं. लग्नात लोकांना बोलपटातली गाणी हवी होती. ती मी म्हणायचे, आणि माझ्या सवयीनं ताल जरा मागे राहिला की पुतण्या चिडायचा. पण घरच्या माणसांना तरी आपलं म्हणून दाखवावं ही हौस गेली नव्हती. आत्याच्या नातवाची वरात निघाली तेव्हा वेशीजवळ बँड दम खायला थांबला, आणि मी आपणहून वाटेचं गाणं सुरू केलं. शब्द त्यांचेच होते, त्यांच्याच बोलीतले. मला वाटलं होतं, इथं तरी कळेल.

पहिली ओळ दुसऱ्यांदा घेतली तेवढ्यात वरातीतल्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला. "ए बाई, शुभ कामात हे रडगाणं कावून? आणि ही चाल कसली? मिशनातल्यावानी?"

मागून कुणी तरी ढोलवाल्याला ओरडलं, "वाजीव बे, बघतोस काय!" आणि ढोल सुरू झाला. मी गप्प झाले. आबा वरातीत होते. वाजवता येत नव्हतं, म्हणून पुतण्यानं त्यांच्या डोक्यावर गॅसबत्ती दिली होती. त्या उजेडात त्यांचं तोंड मला नीट दिसत होतं. बत्ती डोक्यावर असल्यामुळे त्यांना मान खाली घालता येत नव्हती.

घरी आल्यावर आत्यानं भाकरी वाढली. आबा म्हणाले, "उद्यापासून लग्नात जाऊ नगंस." मी म्हटलं, "बरं." ते त्याच उन्हाळ्यात गेले. ताप नाही, दुखणं नाही. सकाळी उठले नाहीत.

मग मी परळीला कापसाच्या जिनिंगमध्ये लागले. कापूस वेचून साफ करायचा, सरकी बाजूला करायची. तिथं बायका ओळीनं बसायच्या आणि यंत्रांचा आवाज असा, की शेजारणीचं बोलणं ऐकू यायचं नाही. वाटलं होतं, आता डोकं शांत होईल. झालं नाही. ओळी येतच राहिल्या, कापूस वेचताना, पाणी भरताना, भाकरी थापताना. जोडायची सवय देवानं काढून घेतली असती तर मी सुखानं म्हातारी झाले असते. त्या गदारोळात मी गाऊन बघायचे. ऐकणारं कुणी नाही, मग हसणारंही नाही. पण कापसाची बारीक धूळ श्वासातून आत जाते. आधी खोकला आला, मग घसा बसला, तो बसलाच. एक दिवस वरचा सूर घ्यायला गेले तर नुसती हवा निघाली. यंत्रांमुळे ते मलाही आधी कळलं नाही. दुपारी भाकरी सोडताना पुन्हा करून बघितलं, तेव्हा कळलं.

तरी ओठ हलायचे. शेजारी बसणारी एक बाई बरेच दिवस ते बघत होती. एकदा यंत्र बंद पडलं आणि सगळीकडे एकदम सामसूम झाली, तेव्हा ती माझ्याकडे वाकली.

"अगं, सदा काय पुटपुटतीस? देवाचं नाव घेतीस का?"

बाकीच्या बायका बघायला लागल्या. सांगायचं म्हटलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं, अगदी छावणीपासून.

"हां," मी म्हटलं, "देवाचंच."

ती समाधानानं मान हलवून पुन्हा कापसाकडे वळली. यंत्र सुरू झालं. त्या दिवसापासून मी ओठ मिटून बसायला शिकले.